साधी गाडी कच्च्या रस्त्यावर नेताना

उजनी धरणाच्या पाणथळाला फॅमिली घेऊन तंबू टाकायला जायचं तर जीप लागतेच असं काही नाही, आपली स्विफ्ट-वॅगनार पण जाते, फक्त चाकोरीत चाकं घालू नका. ट्रॅक्टरनं दोन्ही बाजू खोल केलेल्या असतात आणि मधला उंचवटा थेट इंजिनखालच्या ऑइल चेंबरला लागतो, त्यामुळे एक चाक त्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवायचं, फर्स्ट गिअर, ब्रेक कमी. जास्तच खराब पट्टा आला की सगळ्यांना खाली उतरवा, चार माणसं उतरली की गाडी बऱ्यापैकी वर उठते, पोरं तर खूशच होतात. मी एकदा आळस केला न् खालून असा खर्रकन आवाज आला की बायको अजून ऐकवते.

निघायच्या आधी स्टेपनीत हवा बघा, ती कुणीच बघत नाही.

आणि पाऊस पडून गेला असेल तर काळ्या रानात उतरूच नका राव, ती माती टायरच्या नक्षीत भरते न् चाक नुसतं जागेवर फिरतं. डांबरीवरच गाडी लावा, कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा हातात घ्या आणि चालत जा.