पापण्यांचे एक्स्टेन्शन: दमट हवेत काम करताना

ठाण्याच्या पावसाळ्यात पापण्यांचे एक्स्टेन्शन (पापणीच्या नैसर्गिक केसावर चिकटवायचा कृत्रिम केस) लावताना प्रथम हवेतील ओलाव्याकडे पाहावे, कारण यासाठी वापरला जाणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद ओलाव्यानेच घट्ट होतो आणि घोडबंदर रोडवरच्या खाडीलगतच्या पार्लरमध्ये तो पापणीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकू लागतो. एसी किंवा डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता गोंदाच्या उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत आणावी, तसेच गोंदाचा थेंब वारंवार बदलावा.

ग्राहकाची पॅच टेस्ट, म्हणजे गोंदाची अ‍ॅलर्जी होते का हे पाहणारी चाचणी, किमान २४ तास आधी झालेली असावी. ओळखीच्या ताईंसाठीही ती टाळू नये. खालच्या पापण्या जेल पॅडखाली झाकून डोळे पूर्ण मिटल्याची खात्री करावी, पापण्या तेलविरहित क्लीन्झरने स्वच्छ करून कोरड्या कराव्यात.

खरे कौशल्य यापुढे लागते. एका चिमट्याने एकच नैसर्गिक केस पूर्णपणे वेगळा करावा आणि गोंदात हलकेच बुडवलेले एक्स्टेन्शन त्वचेपासून साधारण १ मिलिमीटर अंतर ठेवून त्यावर बसवावे. शेजारचे केस चिकटून राहिल्यास वाढताना ते एकमेकांना ओढतात आणि मुळे दुखावतात, म्हणून घाई असली तरी प्रत्येक केस तपासावाच. जळजळ किंवा सूज दिसल्यास काम तत्काळ थांबवून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.