सिनेमा पाहून आलेल्या पाहुण्याला मुंबई कशी दाखवावी

परदेशी पाहुणा विमानतळावर उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक मुंबई आधीच वसलेली असते. ती कुठल्या सिनेमाने वसवली, हे गाडी हायवेला लागायच्या आत काढून घ्या. मी सरळ विचारते, "भारतावरचा कोणता सिनेमा पाहिलाय?" गाइडच्या कामात नवीन आलेली मुलं हा प्रश्न टाळतात. काहीतरी वाईटसाईट ऐकावं लागेल अशी धास्ती असते. तरी विचाराच, कारण दिवसाचा कार्यक्रम त्या उत्तरावर ठरतो.

माझा ठोकताळा असा. युरोप-अमेरिकेतला चाळिशी-पन्नाशीचा माणूस बहुतेक वेळा 'स्लमडॉग मिलियनेर' (२००८) घेऊन येतो. त्याहून वयस्कर असेल तर 'गांधी' (१९८२), नाहीतर इंडियाना जोन्सचा १९८४चा तो भाग. रशिया-उझबेकिस्तानकडचे आजीआजोबा 'आवारा'चं गाणं गुणगुणतात आणि राज कपूरचं घर कुठे म्हणून विचारतात. चिनी पोरांनी 'दंगल' पाहिलेला असतो. म्हणजे एकाच गाडीत चार देशांचे लोक असले तर चार भारत बसलेले असतात, आणि त्यातले दोन एकमेकांना ओळखत नाहीत.

'गांधी'वाल्यांचं काम सोपं. गावदेवीला मणिभवनात न्या. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचं मुंबईतलं बिऱ्हाड म्हणजे हेच घर. वरची चरख्याची खोली पाहून झाली की सांगा, त्या सिनेमाच्या वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्याबरोबर कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळालं, आणि ते भारतीयाला मिळालेलं पहिलं ऑस्कर. गोऱ्या साहेबाचा म्हणून पाहिलेला सिनेमा थोडा आपलाही होतो.

इंडियाना जोन्सवाला जेवणाच्या टेबलावर त्या सिनेमातल्या मेजवानीत वाढलेल्या माकडाच्या मेंदूचा विषय काढणार, हे धरून चाला. चिडू नका. सरकारने पटकथेवर आक्षेप घेतल्यामुळे त्या सिनेमाचं भारतातलं चित्रीकरण बारगळलं आणि खेडं उभं राहिलं श्रीलंकेत, कँडीच्या बाजूला, एवढं सांगा. खलनायक मात्र आपलेच, अमरीश पुरी, हेही लपवू नका. मग बोंबील फ्राय आणि सोलकढी मागवा. वाद तिथेच मिटतो.

आता 'स्लमडॉग'. इथे जास्त वेळ ठेवा.

पाहुणा धारावी बघायला उतावीळ असतो आणि ते मान्य करायला लाजतही असतो. काही गाइड अशा वेळी गेटवे आणि मलबार हिलवर गाडी फिरवून "हे बघा, आमची खरी मुंबई" म्हणतात. हा शुद्ध बावळटपणा. लपवलं की पाहुण्याची खात्रीच पटते. धारावीत न्याच, फक्त सिनेमाने दाखवली त्याच्या उलट रीतीने न्या. सिनेमात पोरं गल्लीतून पळतात, कॅमेरा त्यांच्या मागे पळतो, मग वरून पत्र्यांचा समुद्र दिसतो. पळताना दुकानाची पाटी वाचता येत नाही आणि वरून माणूस दिसत नाही. म्हणून तुम्ही हळू चाला, आणि प्रत्येक थांब्यावर पाहुण्याला मागे वळून बघायला लावा. पडद्यावर चौकटीच्या बाहेर काय राहिलं, ते तिथे असतं.

माहीम स्टेशनच्या पुलावरून उतरून तेरा कंपाउंडकडे गेलात की प्लास्टिकचं काम दिसेल. घाई करू नका, एका माणसासमोर उभे राहा. तो तुटकी बादली फरशीवर आपटतो, आवाज ऐकतो आणि न बघता मागच्या ढिगात भिरकावतो. पुढचा तुकडा नखाने खरवडतो, तो दुसऱ्या ढिगात. कुठलं प्लास्टिक कशात मिसळायचं नाही, हे त्याला कान आणि नख सांगतं. पुढे क्रशर, धुलाई, पत्र्यावर वाळवण आणि शेवटी दाणा. हा दाणा पोत्यांतून कारखान्यांत जातो. मग कुंभारवाड्यात या. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्या घरांमधल्या अंगणात आहेत आणि सुताचा कचरा, चिंध्या जाळून पेटतात. दिवाळीआधी गेलात तर पणत्यांवर पाय पडणार नाही इतकी वाट मिळाली तरी नशीब. पापड लाटणाऱ्या बायका पालथ्या टोपल्यांवर पापड वाळत घालतात. तिथे थांबायचं तर आधी "ताई, बघितलं तर चालेल का?" असं विचारा. कॅमेरा बॅगेत. लोकांच्या दारात फोटो नाहीत, ही अट निघतानाच घाला, आत शिरल्यावर नको.

एक सावधगिरी. नवीन गाइड इथे वाहवत जातात. "किती कष्टाळू, किती हसतमुख लोक!" हाही सिनेमाचाच संवाद आहे, फक्त गोड चालीत. ढीग निवडणाऱ्याच्या हातात मोजे नाहीत, भट्टीचा धूर पोरांच्या छातीत जातो, पापडाची मजुरी किलोवर मिळते, हे सांगा. पाहुणा हमखास सिनेमातल्या पोराने संडासाच्या खड्ड्यात मारलेल्या उडीबद्दल विचारतो. मी म्हणते, उडी लेखकाची, सार्वजनिक संडासाची रांग आमची. दोन्ही उत्तरं एका दमात द्या. एकच दिलं तर खोटं ठरतं.

रंगाचा खेळ दाखवायला फोन पुरे. आजकालच्या हाणामारीच्या सिनेमांत गरीब देश आला की सगळं पिवळं होतं. 'एक्स्ट्रॅक्शन'मधला (२०२०) ढाका आठवा. त्यातला बराच भाग आपल्या अहमदाबादेत चित्रित झालाय, पण हवा कावीळ झाल्यासारखी. पाहुण्यालाच भर दुपारी मरीन ड्राइव्हचा फोटो काढू द्या, आणि एडिटमध्ये 'वॉर्म'ची पट्टी टोकाला न्यायला सांगा. समोरचा निळसर समुद्र त्याच्या हातात तापट आणि धुळकट होतो. यावर भाषण देऊ नका, तो स्वतःच पट्टी मागेपुढे करत बसतो.

'लंचबॉक्स' (२०१३) पाहिलेल्यांना साडेअकराच्या सुमारास चर्चगेटबाहेर उभं करा. सिनेमाची गोष्टच चुकलेल्या डब्याची, त्यामुळे "किती चुकतात?" हा प्रश्न येतो. इतक्या लाखांत एक वगैरे आकडे सांगण्याची गाइडांना फार हौस. मी झाकण वाचून दाखवते: मधला मोठा आकडा डबा कुठे उतरवायचा ते सांगतो, कडेची अक्षरं इमारत आणि मजला. डबेवाल्या दादांना मात्र अडवायचं नाही, त्यांची वेळ सेकंदावर चालते. दुपारी परतीच्या डब्यांच्या वेळी भेटले तर दोन शब्द बोलतात, मावळ-खेडकडच्या आपल्या गावाचं नावही सांगतात.

'लंचबॉक्स'सारखा एखादा सोडला तर या सिनेमांत बहुतेक झोपडी असते नाहीतर महाल. मधलं फारसं काही नसतं. हप्ते फेडणारी, क्लासला पोर सोडून भाजी घेणारी मुंबई फारसं कुणी दाखवत नाही, आणि पाहुणा ती बघायला मागतही नाही, कारण ती आहे हेच त्याला माहीत नसतं. ती तुम्ही कार्यक्रमात घुसडायची. संध्याकाळी दादरला उतरा, रानडे रोडने गर्दीतून शिवाजी पार्कात जा, कट्ट्यावर बसा. तिथे आजोबा स्वतःहून इंग्रजीत गप्पा मारायला येतात आणि पाहुण्याला त्याच्याच देशातल्या निवडणुकीचं विश्लेषण ऐकवतात. रविवार असेल तर शिवाजी मंदिरला विनोदी नाटकाची तिकिटं काढून ठेवा. भाषा कळत नाही म्हणून पाहुणा कुरकुरेल, पण हशा कुठे येतो ते त्याला दहा मिनिटांत कळायला लागतं. मध्यंतर व्हायच्या दोन मिनिटं आधी तुम्ही उठा, नाहीतर बटाटावड्याच्या रांगेत तिसरी घंटा होते.