जुन्या आयपॉडसाठी स्पीकर डॉक घेताय? या चुका टाळा

बाबांचा 160 जीबीचा आयपॉड क्लासिक दिवाळीच्या साफसफाईत कपाटात सापडला. नवी बॅटरी टाकून घेतली आणि त्यांनी एकेका सीडीवरून चढवलेले अभंग, नाट्यपदं, सगळं जसंच्या तसं वाजू लागलं. घरभर ऐकू यावं म्हणून डॉक, म्हणजे आयपॉड वर ठेवून वाजवायचा स्पीकर, शोधायला निघालो आणि दोनदा फटका बसला. अ‍ॅपलने मे 2022 मध्ये आयपॉड कायमचा बंद केला, त्यामुळे डॉक आता बहुतेक जुन्या बाजारातच मिळतात. तिथे ‘चालू कंडिशन’ म्हणजे अनेकदा नुसता दिवा लागतो, एवढंच.

पिन बसली म्हणजे झालं, असं धरून चालू नका

2003 च्या तिसऱ्या पिढीच्या आयपॉडपासून खाली 30 पिनांचं रुंद सॉकेट आलं. 2012 मध्ये छोटी लाइटनिंग पिन आली. क्लासिक 2014 मध्ये बंद होईपर्यंत 30 पिनांचाच राहिला. आयपॉडच्या इतर प्रकारांपैकी पाचव्या पिढीचा टच आणि सातव्या पिढीचा नॅनो लाइटनिंगवाले. शफलला डॉकची पिनच नाही, गाणं ऐकायला त्याला फक्त हेडफोनचं भोक.

लाइटनिंगवाला आयपॉड जुन्या डॉकवर बसवायला कन्व्हर्टर मिळतो, पण लाइटनिंगमधून आवाज डिजिटल रूपात बाहेर पडतो आणि जुन्या डॉकला तो अ‍ॅनालॉग लागतो. हे रूपांतर करणारी चिप कन्व्हर्टरमध्येच असावी लागते. स्वस्तातल्या कित्येक कन्व्हर्टरांत ती नसते. चार्जिंग होतं, गाणं वाजत नाही. म्हणून दुकानदाराला ‘बसेल का’ असं विचारू नका, ‘वाजेल का’ असं विचारा आणि समोर वाजवून घ्या.

माझा पहिला फटका वेगळाच होता. घेतलेला डॉक बाबांच्या क्लासिकला चालला, पण बहिणीचा आयपॉड टच लावला की गाणं सुरू आणि बॅटरी मात्र उतरत जायची. डॉक बिघडला नव्हता. सुरुवातीचे आयपॉड फायरवायर या यूएसबीसारख्याच जुन्या जोडणीच्या 12 व्होल्टवर चार्ज होत आणि त्या काळातले डॉक त्याच पिनांवर वीज देत. 2008 च्या दुसऱ्या पिढीच्या टचने आणि चौथ्या पिढीच्या नॅनोने ती सोय काढून टाकली. त्यांना यूएसबीचे 5 व्होल्टच लागतात. बोसचा 2004 सालचा पहिला साउंडडॉक हे याचं नेहमीचं उदाहरण. आवाज सुरेख, पण असे नंतरचे आयपॉड त्यावर चार्ज होत नाहीत. वेगळं चार्ज करायची तयारी असेल तर असा डॉक जरूर घ्या, फक्त आधी माहीत असू द्या.

अ‍ॅडॉप्टरची पाठ वाचा

दुसरा फटका न्यू जर्सीहून मामेभावाने प्रेमाने आणलेल्या डॉकने दिला. मी प्लग लावला, बटण दाबलं आणि दहा सेकंदांत जळका वास. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलं होतं, इनपुट 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्याकडे 230 व्होल्ट. परदेशातून आलेल्या वस्तूवर ‘100–240’ असं असेल तरच थेट लावा.

बदली अ‍ॅडॉप्टर घेतानाही आउटपुटचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि अधिक-उणे चिन्हांचं चित्र सारखंच. काही डॉकांचा अ‍ॅडॉप्टर एसी आउटपुटचा असतो, काहींचा प्लग तीन-चार पिनांचा. अशा डॉकचा मूळ अ‍ॅडॉप्टर सोबत नसेल तर मी तो सोडून देतो.

वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे फुगवलेले, हजार वॉट निरर्थक आहेत. बघायचं तर आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, बघा.

ऐकून घ्या, आपल्याच गाण्यावर

विक्रेत्याचं धडधडतं गाणं काहीही झाकतं. मी तानपुरा आणि तबला वाजवून बघतो. नुसता तानपुरा सुरू असताना डॉकची घरघर लगेच कळते. मग आवाज वाढवून डग्ग्याकडे कान द्यायचा. घुमारा स्वच्छ असेल तर ठीक. मागे फरफर ऐकू आली तर स्पीकरची फोमची कड कुजलीय किंवा कागद फाटलाय. जाळी निघत असेल तर काढून डोळ्यांनी बघाच.

मागे ऑक्सचं, म्हणजे साध्या केबलने आवाज आत द्यायचं, भोक आहे ना, हेही तपासा. उद्या पिन गेली तरी त्यातून डॉक वाजत राहतो. शिवाय बिघाड शोधायलाही ते कामी येतं. आयपॉड हेडफोनवर वाजतोय, डॉक ऑक्सवर वाजतोय, पण डॉकवर ठेवला की मुका, म्हणजे खोट पिनांत आहे. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात तर पिनांवर हिरवट थर चढतोच. प्लग काढा, मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या. सेफ्टी पिनने खरवडू नका, वाकलेली पिन परत सरळ होत नाही.

आयपॉड ठेवताना कव्हर काढा आणि त्याच्या जाडीचा प्लॅस्टिकचा साचा खाली बसवा, नाहीतर सगळं वजन पिनेवर येतं. उचलताना सरळ वर. पुढे ओढून काढायच्या सवयीने मी चांगल्या डॉकची पिन हललेली पाहिली आहे. आणि आयपॉडची पाठ फुगलेली दिसली तर तो डॉकवर ठेवूच नका, चार्जिंगलाही लावू नका. आधी बॅटरी बदलून घ्या.

जागेचंही बघा. आमचा डॉक आधी कोपऱ्यातल्या कपाटात कोंबला होता, तिथे डग्गा नुसता घुमायचा आणि शब्द बुडायचे. आता तो टीपॉयवर, भिंतीपासून वीतभर पुढे आहे.