वर्कशॉपचा स्टॉक सॉफ्टवेअरवर कसा आणावा

सॉफ्टवेअर घेऊन वर्ष उलटले तरी स्टोअरकीपर वही बघूनच माल देतो, असे अनेक लहान कारखान्यांत दिसते. दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. आत भरलेली आयटमची यादी आणि सुरुवातीचा स्टॉक चुकलेला असतो. टॅली घ्या किंवा ईआरपीनेक्स्ट, पुढची कामे टळत नाहीत.

१. आधी यादी साफ करा. जुन्या बिलांत एकच बेअरिंग ‘६२०५ झेडझेड’, ‘बेअरिंग ६२०५’ आणि ‘बेरिंग ६२०५ जीप’ अशा तीन नावांनी सापडते. तसेच भरले तर एका नावावर उणे आणि दुसऱ्यावर जास्त स्टॉक दिसत राहतो. एका वस्तूला एकच कोड द्या, पण वेगळ्या वस्तू एकत्र करू नका: झेडझेडला पत्र्याचे झाकण असते, टूआरएसला रबरी सील. कोड लहान ठेवा, आणि नवा आयटम उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असू द्या. एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा कोड) आणि जीएसटीचा दर याच वेळी भरून घ्या.

२. एकके ठरवा. सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. लोखंडी गोल बार किलोने येतो, मशीनवर नगाने जातो. बारचे मीटरमागे वजन काढण्याचे सूत्र वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ असते: मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलोत. म्हणजे २५ मिमीचा बार मीटरला ३.८६ किलो, आणि ६ मीटरची लांबी सुमारे २३.१५ किलो. तिच्यातून १२० मिमीचे तुकडे कापायचे आहेत. कागदावर ५० बसतात. पण करवतीच्या पात्याला प्रत्येक कापामागे ३ मिमी धरले की ४८च निघतात आणि ९६ मिमीचे टोक उरते.

आता नगामागे नुसत्या तुकड्याचे वजन, ०.४६३ किलो, भरले तर चुकले. खरा खप ०.४८२ किलो आहे. हजार नगांमागे साधारण १९ किलो लोखंड सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक दिसते आणि रॅकवर नसते. म्हणून खप काप आणि टोकासकट भरा, आणि स्क्रॅप वजन करून वेगळे जमा दाखवा.

३. प्रत्यक्ष मोजणी करा. महिनाअखेरचा सुट्टीचा दिवस धरा. आवक-जावक पूर्ण बंद ठेवा. एकाने मोजायचे, दुसऱ्याने लिहायचे, मोजलेल्या रॅकला लगेच चिठ्ठी लावायची. मशीनजवळ अर्धवट पडलेला माल मोजायला हमखास विसरतो. प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेर गेलेला मालही तुमचाच. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जॉबवर्करच्या, म्हणजे बाहेर काम करून देणाऱ्याच्या, नावाचे वेगळे गोडाऊन उघडा आणि उघडी चलने (ज्यांचा माल अजून परत आलेला नाही) जुळवा. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल जीएसटीप्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. ती तारीख सॉफ्टवेअरमधून दिसलीच पाहिजे.

४. वही किती दिवस चालू ठेवायची? एक महिना, बस. रोज संध्याकाळी दहा आयटम वहीशी ताडून बघा. महिना संपला की वही उचलून कपाटात ठेवा. दोन्ही चालू राहिल्या की लोक सोपी वाटते तीच भरतात.

५. उणे स्टॉक, म्हणजे शिल्लक शून्याखाली जाणे, बंद करा. पहिल्या महिन्यात नुसती सूचना येऊ द्या, नंतर एंट्रीच अडवा. स्टॉक उणे जातो तो बहुधा माल आला, वापरला आणि बिल चार दिवसांनी भरले म्हणून. उपाय गेटवर आहे: बिलाची वाट न पाहता, माल उतरताच वजन करून आवक नोंदवायची.

६. लॉगिन आणि बॅकअप. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणती एंट्री कधी बदलली याची नोंद) चालू ठेवणे बंधनकारक आहे, पण भागीदारीच्या फर्मनेही तो ठेवावा. बॅकअप रोज घ्या आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

त्यानंतर दर आठवड्याला महागडे दहा आयटम मोजत राहा. फरक सापडला तर लगेच आकडा दुरुस्त करू नका. आधी त्या आयटमच्या शेवटच्या पाच एंट्र्या उघडा. एकक चुकले, चलन राहिले की स्क्रॅप भरलेच नाही, ते तिथे सापडते.