कॅटमरॅनचा वेग किती धरायचा? मुंबई-रत्नागिरीचा खरा हिशोब

चाळीस फुटी क्रूझिंग कॅटमरॅन, म्हणजे लांबच्या सफरीची दोन सांगाड्यांची शिडाची बोट, म्हटली की कोणीतरी सांगतंच, आरामात 9-10 नॉट (तासाला तितके सागरी मैल) पळते. पळते ना, बाजूने 18-20 नॉट वारा असला, बोट रिकामी असली आणि तळ घासून साफ केलेला असला की पळते. पण त्या आकड्यावर पोचायची वेळ काढू नका.

आधी चार्टवर अंतर मोजा. मुंबई-रत्नागिरी साधारण 120 सागरी मैल. मग वजनाचं बघा, पाणी, डिझेल, महिन्याचं सामान भरलं की कॅटमरॅन चांगलीच मंदावते, नॉटभर तिथेच वजा करा.

आता सरासरी. मला स्वतःला हे नीट बसायला बराच काळ गेला आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. समजा अर्धं अंतर 8 नॉटने कापलं, अर्धं 4 ने. सरासरी 6? नाही! पहिल्या 60 मैलांना साडेसात तास, दुसऱ्या 60 ला पंधरा, म्हणजे साडेबावीस तास, सरासरी 5.3. संथ तास सगळं खाऊन टाकतात, दुपारी कितीही पळवा ते भरून निघत नाही.

म्हणून मैल धरून नको, घड्याळ धरून हिशोब करा. आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे खारा वारा दुपारी वायव्येकडून भरतो, संध्याकाळनंतर पडतो, आणि रात्री उशिरा किनाऱ्याकडून हलका मतलई येतो. दुपारी बाराला मुंबई सोडली तर सातपर्यंत 7 नॉटने 49 मैल. मग बारा तास इंजिनावर 5 ने 60 मैल. रात्री 5 च्या वर जायचा मोह ठेवूच नका, जाळ्यांचे बोये अंधारात दिसत नाहीत आणि दोरी प्रोपेलरमध्ये गेली की सगळा हिशोब संपला. सकाळी उरलेले 11 मैल मतलईवर 4 ने, पावणेतीन तास. म्हणजे पावणेदहाच्या आसपास रत्नागिरी, सरासरी साडेपाचच्या जरा वर. माझ्या मते लोडेड चाळीस फुटीसाठी या किनाऱ्यावर हाच प्रामाणिक आकडा आहे, 24 तासांत 130 मैल.

परतीला हा आकडा अजिबात वापरू नका. वायव्येचा वारा समोर येतो, कॅटमरॅन वाऱ्याच्या रोखाने फारशी जवळ जात नाही, टॅक मारत, म्हणजे नागमोडी जात, वेग 6 दिसतो पण मुंबईच्या दिशेने पडतात तासाला 3-4 मैल. दुपारी रत्नागिरीच्या उत्तरेला असलेल्या जयगडला नांगर टाकून थांबा आणि पहाटेचा मतलई पकडा, किनाऱ्यालगत तोच खरा कामाचा.

पोचायची वेळ रात्रीची निघत असेल तर निघायची वेळ बदला. खाडीत शिरायचं असेल तर भरतीचं टेबल बघूनच, तोंडाशी वाळूचा दांडा असतो.