बॅटरीची वॉरंटी नाकारली, तेव्हा
माझी इलेक्ट्रिक गाडी पूर्वी एका चार्जिंगमध्ये जळगावहून धुळ्याला जाऊन परत येत असे. चौथ्या उन्हाळ्यात मात्र परतताना पारोळ्यातच चार्ज ९ टक्क्यांवर आला. 'खान्देशच्या उन्हात बॅटरी उतरणारच, ही नैसर्गिक झीज आहे,' असे सांगून सेवा केंद्राने वॉरंटी नाकारली, आणि तीही तोंडी. घरी पुस्तिका उघडली, तर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरच्या आत क्षमता ७० टक्क्यांखाली गेल्यास दुरुस्ती मोफत, असे स्पष्ट छापलेले होते. मग मी बॅटरीच्या क्षमतेचा छापील अहवाल घेतला (६४ टक्के), नकार लेखी मागितला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. लेखी नकार द्यायला कोणीच धजावले नाही. तीन आठवड्यांनी बॅटरीतले खराब मॉड्यूल (सेलचा संच) मोफत बदलून मिळाले.