विनानिविदा सेवा घेताय? मग या चुका टाळा

“निविदा काढली नाही म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप आला,” असं सांगत येणारे अधिकारी मी लेखाशाखेत पुष्कळ पाहिले. नस्ती, म्हणजे त्या कामाची फाईल, उघडली की कळायचं, निविदा का काढली नाही हेच कुठे लिहिलेलं नाही. समुपदेशन, बालगृहातले काळजीवाहक, बेघरांचा निवारा, अशा सेवा अपवाद म्हणून थेट एका संस्थेकडून घेता येतात. पण अपवाद म्हणूनच. मीरत महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हे अपवाद मोजून दाखवले: नैसर्गिक आपत्ती, एकच स्रोत, वारंवार लिलाव करूनही बोली न येणं वगैरे. “साहेबांची इच्छा” त्यात नाही.

माझा सगळ्यात नावडता प्रकार म्हणजे शोभेची तीन दरपत्रकं, म्हणजे स्पर्धा झाली असं दाखवायला जोडलेली खोटी कोटेशनं. एका कार्यालयाला अपंग मुलांच्या वसतिगृहासाठी समुपदेशक हवे होते. तालुक्यात हे काम करणारी संस्था एकच, आणि कामही चांगलं. दोन परिच्छेद प्रामाणिकपणे लिहिले असते तर विषय संपला असता. पण कारकून नवा, त्याला घाई, आणि कुणीतरी कानात सांगितलेलं, “तीन कोटेशन लाव, कोण बघतंय?” मी बघितलं. तिन्ही कागदांवर ‘समूपदेशन’, तिन्हीकडे मू दीर्घ. तिसऱ्या संस्थेचा पत्ता पहिल्या संस्थेच्या खजिनदाराच्या घरचा. आठ महिने बिल अडकलं. समुपदेशक बाई उसने पैसे काढून एसटीने येत राहिल्या. कारकुनाची बदली झाली, तीही त्याच्या गावाजवळ!

माझी सवय सांगतो. संस्था एकच असेल तर तसंच लिहायचं. शोध कसा घेतला, कुणाला विचारलं, कुणी नाही म्हटलं, तारखांसह. मग दर वाजवी कसा, ते. शेजारच्या जिल्ह्यात त्याच कामाला काय देतात ते पत्राने मागवायचं. फोनवर ऐकलेला दर नस्तीत लावता येत नाही.

दुसरी खोड नियम क्रमांक उचलण्याची. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला 194 टिपणीत चिकटवला की काम झालं, असं वाटतं. तो सल्लागारांसाठी आहे हो! समुपदेशक म्हणजे त्या अर्थाने सल्लागार नव्हे. इतर सेवांना वेगळी तरतूद आहे आणि तीत वित्तीय सल्लागाराचं मत घ्यावं लागतं. शिवाय राज्याच्या कार्यालयात बसून केंद्राचा नियम कशाला? 1 डिसेंबर 2016 ची महाराष्ट्र राज्याची खरेदी नियमपुस्तिका आणि नंतरचे शासन निर्णय आधी वाचा. कंटाळवाणं आहे, मान्य.

तातडी. करार 31 मार्चला संपणार हे वर्षभर माहीत असतं, आणि 28 मार्चला टिपणी येते “अत्यंत तातडीची बाब”. ही तातडी टेबलाच्या खणात पिकलेली असते. मी करार सुरू झाला त्याच दिवशी, संपण्याच्या सहा महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायचो. पोरं हसायची.

ज्या रकमेवर निविदा काढावीच लागते त्या मर्यादेखाली बसवायला कामाचे तुकडे पाडू नका. तारखा शेजारी मांडल्या की लगेच दिसतं.

कार्यारंभ आदेश आधी आणि मान्यता नंतर, असं करू नका. “कार्योत्तर मंजुरी मिळेल” म्हणणारा साहेब तोवर बदलून गेलेला असतो.

आणि निविदा काढली म्हणजे सुटलो, हाही भ्रम. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, बचत गट आणि महिला मंडळांना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलं होतं. तरी राज्याने 2016 मध्ये अशा अटींची निविदा काढली की लहान गट बाहेर पडावेत. 2019 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली.

बिलासोबत हजेरीपट मागा. सेवा घेणाऱ्यांपैकी दोघा-तिघांशी स्वतः बोला, संस्थेचा माणूस शेजारी उभा नसताना.